खोताचा गडगा

चार हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर पहारा ठेवायची नोकरी नसरुद्दीन बुरोंडकरला मिळाली, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "ह्यांतला कोण पळून जाणार हाय?"

"पळून कोण जातंय चाचा," अमोघ लिमये म्हणाला. हा अमोघ पुण्याचा, कुंपणं घालणाऱ्या कंपनीत साइट इंजिनियर आणि नसरुद्दीनचा साहेब. "दगड जातात. कोणी बांधकामाला नेतं, कोणी सोनं सापडेल म्हणून उकरतं. तुम्ही फक्त बसून राहायचं. आणि एक लक्षात ठेवा, कोणीही दगडाला हात लावता कामा नये."

नसरुद्दीनने मान डोलावली. 'कोणीही' म्हणजे लोक, आपण नव्हे, असा त्याने सरळ अर्थ घेतला. पुढचं सगळं रामायण ह्या एका समजुतीतून झालं, पण त्या वेळी दोघांपैकी कोणालाच ते कळलं नाही.

जागा अशी होती की रियाधजवळची अल सुलैची गोदामं मागे टाकून अल खर्जच्या अंगाला निघालं, की रस्ता सोडून एक खडकाळ पठार लागतं. झाड म्हणावं असं नाही, गुडघाभर काटेरी झुडपं आणि दगड. त्या दगडांत मधूनमधून ढिगारे. कोणी जुन्या काळच्या माणसांनी आपली मढी पुरून वर दगड रचलेले, भोवती दगडांचंच कडं घातलेलं. बाकीच्यांना तिथे जीव नकोसा व्हायचा. नसरुद्दीनला मात्र पहिल्याच दिवशी दापोलीकडचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळ, आठवला. तोच काळा कातळ, तीच खुरटी झुडपं, तोच भणाण वारा. फक्त अल्लाकडून समुद्र द्यायचा राहून गेला होता.

त्याने आठवडाभरात ढिगाऱ्यांचं बारसं करून टाकलं. त्याच्या पोर्टा केबिनच्या जवळचा, सगळ्यात मोठा, पोट सुटलेला, तो 'खोत'. मधोमध खचलेला तो 'मामू', कारण नसरुद्दीनच्या मामूची कवळी काढली की तोंड तसंच दिसायचं. एकीकडे कललेला 'मास्तर'. आणि एकमेकींकडे पाठ करून बसलेले दोन लहान ढिगारे म्हणजे 'जावा'. सकाळी चहा झाला की तो सगळ्यांना सलाम करत कुंपणाच्या आतून एक फेरी मारायचा. जावांजवळ थांबून म्हणायचा, "अगो, आता तरी बोला एकमेकींशी. किती वर्षं झाली!"

मेलेल्यांची त्याला भीती नव्हती. जिवंत माणसांनी त्याला पुरेसा त्रास दिला होता. विशीत तो जेद्द्याच्या जुन्या बाजारपेठेत, बलदमध्ये, आला, एका हॉटेलात हाजींची ताटं धुवायला. तिथून जिझानला रिफायनरीच्या कामावर, तिथून अल सुलैच्या यार्डात. कामं बदलली, जामीन राहणारे अरबी मालक, म्हणजे कफील, बदलले, एक खोड बदलली नाही. नसरुद्दीनला वाकडं बघवत नसे. बलदमध्ये तो मशिदीबाहेरच्या चपलांच्या जोड्या लावायचा, त्यामुळे नमाज पढून बाहेर आलेल्यांना आपली चप्पल सापडायची नाही. जिझानला त्याने पाइप लांबीप्रमाणे लावून ठेवले आणि फोरमनच्या शिव्या खाल्ल्या, कारण ते आधी नंबराप्रमाणे लावलेले होते. अल सुलैत तर लोक त्याला पाहिलं की मुद्दाम एखादी वस्तू तिरकी करून जायचे.

ही खोड बापाची देणगी. गावी बुरोंडीला बाप गडगे घालायचा. गडगा म्हणजे बिनमातीची, नुसती दगडावर दगड बसवून उभी केलेली भिंत. दर पावसाळ्यात ती कुठे ना कुठे ढासळते, आणि पाऊस सरला की घरटी माणसं पुन्हा घालतात. बापाचा नियम असा होता, की वाटेने जाताना कोणाच्याही गडग्याचा दगड पडलेला दिसला तर वाकायचं आणि उचलून जागेवर ठेवायचा, मग तो गडगा दुश्मनाचा का असेना. नसरुद्दीनने पुस्तकं कधीच सोडली, पण हा नियम सोडला नव्हता. दर वर्षी दिवाळीनंतर तो जोहराला, म्हणजे बायकोला, फोनवर विचारायचा, "गडगा घातला काय?" ती म्हणायची, "घातला." मग तो निवांत व्हायचा.

आणि आता जोहरा येणार होती.

इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. आधी तशी सोय नव्हती, मग सासू अंथरुणाला खिळली, मग अरवाचं, त्यांच्या मुलीचं, शिक्षण, मग तिचं लग्न. ह्या वेळी भेटीचा व्हिसा हातात आला होता. आधी उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, आणि मग, तिच्याच शब्दांत, "तुम्ही इतकी वर्षं तिकडे करता तरी काय ते एकदा बघायचंय." हे वाक्य ऐकल्यापासून नसरुद्दीनला घोर लागला होता. कारण तो करत होता ते दाखवण्यासारखं काही नव्हतं. एक पोर्टा केबिन, पाण्याची टाकी आणि दाराबाहेर पडक्या गडग्याचं कडं घेऊन पसरलेला खोत.

पडक्या गडग्याचं! जोहरा दारात उभी राहणार, समोर बघणार आणि म्हणणार, बुरोंडकरांच्या दारात ढासळलेला गडगा? नसरुद्दीनचे हात कधीपासून शिवशिवत होतेच. आता त्यांना कारण मिळालं.

त्याने कामाला हात घातला तो सकाळच्या गारव्यात. खोताभोवतीचे विखुरलेले दगड गोळा केले, मोठे खाली, मध्यम वर. प्रत्येक दगडाला एक तोंड असतं, साफ, सपाट, ते बाहेर काढायचं. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसवायचा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, दगड हलला तर बारीक चीप ठोकायची. दोन-चार सकाळी त्याने असा जीव ओतला, की खोताच्या जन्मात नसेल असं कडं त्याच्याभोवती उभं राहिलं. केबिनच्या बाजूला त्याने एक फट ठेवली. कोकणात अशा जागी बांबूचं बेडं लावतात, येण्याजाण्याला. बांबू नव्हते, पण फट राहिली. माणसाला, मेलेला असला तरी, बाहेर पडायला वाट हवी.

इमादने ते पाहिलं. इमाद सुदानचा, जवळच्या एका मालकाच्या बकऱ्या राखायचा आणि रोज चहाला यायचा. बसायचा म्हणजे पसरायचा, बोलायचा कमी. दोघांमध्ये मोडक्या अरबीचं दळणवळण होतं. गडग्याभोवती एक चक्कर मारून इमाद म्हणाला, "छान आहे. पण हे का?"

"बायको येतेय," नसरुद्दीन म्हणाला. इमादला ते पटलं. जगात बहुतेक गोष्टींना एवढं कारण पुरतं.

जोहराचं विमान गुरुवारी उतरणार होतं. त्या आधीच्या रविवारी अमोघची गाडी धुरळा उडवत आली, आणि तिच्यातून अमोघबरोबर डॉ. हैफा उतरल्या. रियाधच्या, पुरातत्त्वाच्या, काळ्या अबायाखाली जाड बूट घातलेल्या. ह्या पठाराचा अभ्यास त्यांचाच होता. येणार होत्या पुढच्या महिन्यात, आल्या आजच. अभ्यास करणाऱ्या माणसांचं हे असंच असतं.

खरं तर त्या गाडीतूनच बघत बसल्या होत्या. त्याचं कारण असं. पठारावरचे दगड हजारो वर्षं उन्हात भाजून वरून काळपट झालेले, आणि खालची, मातीत दडलेली बाजू पांढुरकी. नसरुद्दीनने प्रत्येक दगडाचं 'चांगलं तोंड' बाहेर काढलं होतं, आणि चांगलं तोंड म्हणजे नेमकं ते पांढरं. त्यामुळे त्या काळ्या रानात एकटा खोत लांबूनच असा लखलखत होता, जसा एखाद्या म्हाताऱ्याने बत्तिशीतला एकच दात घासावा.

अमोघला ह्यातलं काही कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं की एक ढिगारा फार टापटीप आहे, आणि टापटीप दिसली की तिचं श्रेय लगोलग घेऊन टाकायचं हे तो नोकरीत शिकला होता. "Very well maintained, doctor," तो म्हणाला. "आमची टीम रोज लक्ष ठेवते."

डॉ. हैफा गडग्यापाशी गेल्या. वाकून एका दगडाचं पांढरं तोंड बघितलं, त्यावर बोट फिरवलं. मग टॅबलेटवर गेल्या वर्षीचा, वरून काढलेला फोटो उघडला आणि अमोघच्या नाकासमोर धरला. फोटोत खोत पडका होता. समोर खोत नवा होता. चार हजार वर्षांची पडझड पुसल्याची जबाबदारी एकदम अमोघच्या टीमवर येऊन पडली.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. दगड कसे पडलेत ह्यावरूनच बांधकामाबद्दल कळतं, असं त्या म्हणाल्या. पडणं हाच पुरावा. तो कोणी तरी उचलून नीट रचून ठेवला होता.

अमोघने क्षणात काखा वर केल्या. "मेंढपाळ असणार," तो म्हणाला. "इथे एक बकरीवाला फिरत असतो. त्याचे कागदसुद्धा धड नसतील. मी आजच तक्रार करतो. पाठवून देतील त्याला."

नसरुद्दीन तिथेच उभा होता, हातात चहाची किटली घेऊन. त्याच्या डोक्यात एकच गणित चाललं होतं. खरं सांगितलं तर कफील इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करणार, इकामा गेला की जोहराचं येणंही गेलं. विमानात बसायच्या आधीच. तिने बॅगेत कोकम भरून ठेवलेत, शेजारणीकडून उमऱ्यासाठी पांढरा कपडा शिवून घेतलाय. आणि गप्प राहिलं तर इमाद जाणार, जो रोज चहाला येतो आणि कोणाचं काही मागत नाही.

आता सांगायला हवं की नसरुद्दीन मूग गिळून बसला. त्याने इमादकडे, दूर झुडपात बकऱ्यांमागे बसलेल्या त्या ठिपक्याकडे, एकदा बघितलं आणि मान वळवली. आपण फार वाईट माणूस आहोत असं त्याला वाटलं, आणि तरीही तो बोलला नाही. जोहरा येणार होती. तेवढ्यावर सगळं अडलं होतं.

त्याला बोलतं केलं ते अमोघच्या बुटाने.

डॉ. हैफांच्या समोर आपण किती चिडलोय हे दाखवायला अमोघ त्या कड्याकडे गेला आणि म्हणाला, "बघा ना, काय काम आहे का हे? रिकामटेकड्याने दगडावर दगड ठेवलेत नुसते. ना काही अक्कल, ना काही पद्धत. एक लाथ मारली तर खाली येईल."

नसरुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप आठवला. बापाचे खरबरीत हात आठवले. इकामा, कफील, विमान, कोकम, सगळं त्या एका क्षणात डोक्यातून पार उडालं.

"मारा!" तो ओरडला. "मारा लाथ! येतो का खाली बघू!"

अमोघने, कदाचित सवयीने, खरंच मारली. गडगा हलला नाही. अमोघ मात्र एका पायावर नाचत मामूच्या दिशेने दूरपर्यंत गेला आणि तिथे बसला. आवाज असा केला की इमादच्या बकऱ्या उधळल्या.

डॉ. हैफा नसरुद्दीनकडे बघत होत्या. किटली अजून त्याच्या हातात होती, आणि छाती अभिमानाने एवढी फुगली होती की आता नाही म्हणायची सोयच राहिली नव्हती.

"तुम्ही," त्या अरबीत म्हणाल्या.

"मीच," नसरुद्दीन म्हणाला. मग जीव गोळा करून पुढे म्हणाला, "बकरीवाल्याने काय केलं नाय. तो आळशी हाय. त्याच्याकडून होणारच नाय."

"आणि ही फट कशाला?"

"माणसाला यायला-जायला नको?"

डॉ. हैफांनी तोंड दुसरीकडे केलं. खांदे थोडे हलल्यासारखे वाटले, पण वारा होता, सांगता येत नाही.

कफीलचा निरोप संध्याकाळपर्यंत आला. फोनवर एकच शब्द, "खलास." अमोघ पायाला पट्टी बांधून तो सांगायला आला, आणि सांगताना त्याला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. नसरुद्दीन केबिनच्या पायरीवर बसून राहिला. जोहराला काय सांगायचं? खोताचा गडगा घातला म्हणून तू येऊ नकोस? चार हजार वर्षं मेलेल्या माणसाने, ज्याचा ना आगा ना पिछा, त्याच्या बायकोचा व्हिसा घालवला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने खोताला शिवी दिली, आणि मग उठून माफी मागितली.

वाचवलं ते डॉ. हैफांनी, आणि दयेपोटी मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ज्याने केलं, तोच उकलेल. माझ्यासमोर. प्रत्येक दगड फोटोत आहे तसा परत पडला पाहिजे. ते होईपर्यंत हा माणूस कुठेही जाणार नाही. उमऱ्याची सुट्टी तेवढी घेऊ दे." कफीलला सरकारी कामाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. खलास पुढे ढकललं गेलं.

ही शिक्षा किती कठीण आहे हे फक्त कोकणातल्याच माणसाला समजेल. पडलेला गडगा उभा करता येतो, पण उभा गडगा पडल्यासारखा पाडायचा, तोही दगड न् दगड, म्हणजे काय! डॉ. हैफा टॅबलेटवर दाखवायच्या, हा इथे, हा तिथे, काळी बाजू वर. नसरुद्दीन दगड ठेवायचा. "नाही," त्या म्हणायच्या, "हा ठेवलेला दिसतोय. पडलेला दिसायला हवा." तो पुन्हा ठेवायचा. पुन्हा ठेवलेलाच दिसायचा. त्यांची पाठ वळली की हात आपोआप जायचा आणि दगड सरळ व्हायचा. शेवटी वैतागून त्यांनी इमादला हाक मारली. इमादने फोटो बघितला, दगड उचलला आणि सोडून दिला. बिनचूक. पसरण्याचं अंग त्याला जन्मजातच होतं. नसरुद्दीन तोंड फिरवून उभा राहिला, कारण त्याच्याने बघवेना.

ह्या भानगडीत जोहरा येऊन पोचली. नसरुद्दीन विमानतळावर गेला, दोघांनी उमरा केला, आणि तिथे त्याने तिला सगळं सांगून टाकलं. खोतापासून खलासपर्यंत. तिने पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता घरी येणार तुम्ही?" तो म्हणाला, "हो." तिला राग आला की बरं वाटलं, हे नसरुद्दीनला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना, आणि आपल्याला ते ओळखता येत नाही ह्याचं त्याला वाईट वाटलं.

परत आल्यावर अमोघनेच त्यांना गाडीतून पठारावर आणलं. अजून थोडा लंगडत होता, पण जोहराने कोकमाची पिशवी हातात ठेवली तेव्हा विरघळला. नसरुद्दीनने जोहराला सगळ्यांची ओळख करून दिली. हा मामू, कवळी काढलेला. हा मास्तर. ह्या जावा. जोहरा बुरखा सावरत वाऱ्यात उभी राहून बघत होती.

"आणि तुम्ही ह्यांच्याशी बोलायचात?"

"मग कोणाशी बोलणार?"

"मला तर फोनवर दोन वाक्यं बोलायचात," जोहरा म्हणाली. सहज म्हणाली, पण त्याला ते बोचलं.

खोतापाशी आले. कडं आता जवळपास पहिल्यासारखं पडकं झालं होतं, थोडा भाग उरला होता. नसरुद्दीन अमोघला काही तरी सांगायला वळला, आणि तेवढ्यात जोहरा वाकली. पायाशी पडलेला एक दगड तिने उचलला, हातात एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला, त्याचं तोंड शोधलं, आणि दोन दगडांच्या सांध्यावर तो बसवला. तळव्याने दाबून बघितला, थोडा हलला. तिने खालून एक चीप उचलून बाजूला ठोकली. हललाच नाही.

"अगो, काय करतेस! हात नको लावू, मला पुन्हा..." नसरुद्दीन धावला आणि दगडापाशी थांबला. त्याने दगडाकडे बघितलं. मग तिच्या हातांकडे. कडेच्या नखांना चिरा पडलेल्या, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा. तसाच घट्टा बापाच्या हाताला होता.

"हे तू कुठे शिकलीस?"

"कुठे म्हणजे? घरचा गडगा कोण घालतो? जिन येऊन घालतात?"

"मला वाटलं, भाऊ घालतो. नाय तर गडी लावतेस."

"भावाला तुमच्या कंबर धरलीय, किती वर्षं झाली. आणि गडी कुठे मिळतात आता? सगळे इकडेच तर आलेत," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी सासऱ्यांनी शिकवलं. जाताना म्हणाले, दगड पडलेला दिसला की उचलायचा. मग मीच घालते. अरवा घरी होती तोवर हाताला होती."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारत होतात, घातला काय. मी सांगत होते, घातला. कोणी घातला ते विचारलंत कधी?"

दर वर्षी त्या एका शब्दावर नसरुद्दीन निवांत झोपला होता, आणि त्या शब्दाच्या मागे ही एकटी बाई कातळावर वाकून चिरे उचलत होती. त्याला लाज वाटली, आणि जोहरा इतकी आवडली की कुठे बघावं ते कळेना. तो खोताच्या कुशीत, मोकळ्या दगडावर, मटकन बसला.

मागून डॉ. हैफांचा आवाज आला. तो नवा दगड त्यांनी लांबूनच हेरला होता. नसरुद्दीन उठला आणि दगडाला हात घातला. निघेना. त्याने जोर लावला. शेवटी आधी चीप उपटावी लागली. त्याने घातलेल्या सगळ्या कड्यात इतका पक्का बसलेला एक दगड नव्हता.

"घरी आंब्याच्या बाजूचे चिरे तर मोठे," तो दगड खाली ठेवत हळूच म्हणाला. ह्या वेळी दगड खरोखर पडल्यासारखा पडला. "ते कोण उचलतं?"

"मीच."

दूर इमादची एक बकरी मास्तरावर चढून उभी होती आणि तिला कोणी हाकलत नव्हतं.

"ह्या वर्षी मी घालतो," नसरुद्दीन म्हणाला.

जोहराने त्याच्याकडे बघितलं, मग त्याने घातलेल्या, उरलेल्या भागाकडे. दोन ठिकाणी सांध्यावर सांधा आला होता. तिने ते बोटाने दाखवलं.

"घाला," ती म्हणाली. "पण मी सांगेन तसा."